दुसऱ्या रात्रीची वाट

दिवसभराची कामं आटोपली असतील, तर गच्चीत, गॅलरीत किंवा खिडकीशी बसा. आकाश निरभ्र असायलाच हवं असं नाही. पाठ सरळ ठेवा, खांदे सैल सोडा. कुणी वाचून दाखवत असेल तर डोळे मिटा. स्वतः वाचत असाल तर एकेक परिच्छेद संपल्यावर मान वर करा आणि दोनतीन श्वास जाऊ द्या.

आज मननासाठी एक माणूस आणि त्याची एक रात्र घेऊ. माणूस म्हणजे कॅरोलिन हर्शेल. रात्र १ ऑगस्ट १७८६ची. जागा इंग्लंडमधल्या विंडसरजवळचं स्लाउ हे गाव. त्या रात्री तिच्या दुर्बिणीत एक धूमकेतू आला. तो तिला ओळखता आला, कारण त्यामागे अनेक वर्षांचं पाहणं होतं. ते पाहणं कसं घडत गेलं, याचा आपण सावकाश विचार करू.

तिथवर जाण्याआधी एक प्रश्न मनाशी ठेवा. अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्हाला इतकी पाठ आहे की तिच्यातला बारीकसा फरकही तुमच्या लक्षात येतो? घरच्या माणसाची जिन्यावरची पावलं असतील. रोज लावलेल्या तंबोऱ्याचा षड्ज असेल. शेताचा बांध असेल. उत्तर आलं तर ते तसंच राहू द्या. नाही आलं तरी पुढे चला.

*

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५०चा, जर्मनीतल्या हॅनोवर शहरातला. वडील आयझॅक लष्कराच्या बँडमध्ये वादक होते. घर मोठं, मिळकत बेताची. मुलांनी संगीत शिकावं, वाचावं, तत्त्वज्ञानावर वाद घालावेत, असं वडिलांना वाटे. धाकट्या मुलीनं घरकामापुरतं शिकावं, असं आईचं मत होतं. दहाव्या वर्षी कॅरोलिनला टायफस झाला. ती वाचली, पण वाढ खुंटली. पुढे तिची उंची चार फूट तीन इंचांवर जाऊ शकली नाही. हिचं लग्न होणार नाही, ही घर सांभाळेल, असं घरच्यांनी धरून टाकलं.

त्या बालपणातली एक आठवण तिनं म्हातारपणी लिहून ठेवली आहे. थंडीची स्वच्छ रात्र होती. वडील तिला घेऊन रस्त्यावर आले. तेव्हा आकाशात एक धूमकेतू दिसत होता. तो दोघांनी पाहिला आणि मग वडिलांनी तिला काही सुंदर तारकासमूह दाखवले.

या क्षणापाशी थोडं थांबा. त्या बापाला मुलीचं पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. तिला रीतसर शिकवणं त्याच्या हाती नव्हतं. त्याच्या हाती एक रात्र होती, ती त्यानं दिली. १७६७मध्ये तो गेला. त्यानंतरची पाच वर्षं कॅरोलिन त्या घरात जवळपास मोलकरणीसारखी राबली.

तुमचीही मान कुणीतरी, कधीतरी वर वळवली असेल. आईनं, काकांनी, शाळेतल्या एखाद्या बाईंनी. ते माणूस मनासमोर आणा. त्यानं काय दाखवलं होतं ते आठवा, आणि मनातल्या मनात त्याला नमस्कार करा.

*

१७७२मध्ये भाऊ विल्यम तिला इंग्लंडला, बाथ शहरात घेऊन गेला. तो तिथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, गायन शिकवी. त्यानं तिला गाणं शिकवलं, आणि काही वर्षांतच ती हँडेलच्या रचनांमधली एकलगायिका म्हणून लोकांसमोर उभी राहू लागली. जिच्या वाट्याला केवळ घरकाम नेमून दिलं होतं, तिला स्वतःचा आवाज सापडला होता.

तोवर विल्यमला आकाशाचं वेड लागलं होतं. बाजारातल्या दुर्बिणी त्याला पुरेनात, म्हणून तो स्वतः धातूचे आरसे ओतून घासू लागला. घराचा कारखाना झाला. ओतकामाच्या साच्यासाठी घोड्याची लीद लागे. ती खलात कुटून चाळण्याच्या कामात कॅरोलिन असे. आरशाला झिलई देताना हात काढून चालत नसे. एकदा विल्यमनं सोळा तास हात काढला नाही, तेव्हा तिनं त्याला घास भरवले. तो घासत असताना ती त्याला पुस्तकं वाचून दाखवी.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यमला आकाशात एक अनोळखी ठिपका दिसला. तो धूमकेतू असावा असं त्याला वाटलं आणि त्यानं तसंच कळवलं. पण युरोपातल्या अनेकांनी तो ठिपका रात्रीमागून रात्र पाहिला, त्याची कक्षा मांडली, आणि तो शनीच्या पलीकडचा ग्रह ठरला. तोच युरेनस. पहिल्या नजरेला वाटलेलं आणि अनेक नजरांनंतर ठरलेलं यांत किती अंतर असू शकतं, हे कॅरोलिननं स्वतःच्या घरात पाहिलं.

या शोधामुळे राजानं विल्यमला वर्षाला २०० पौंड नेमून दिले. १७८२मध्ये भावंडं बाथ सोडून विंडसरच्या परिसरात, डॅचेटला आली. कॅरोलिनचं गाणं बाथमध्येच सुटलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. विल्यमनं तिच्या हाती एक छोटी दुर्बीण दिली आणि धूमकेतू शोधायला सांगितलं.

इथे घाईनं आनंद मानू नका. दवानं, हिवानं भिजलेल्या गवतावर, हाकेच्या अंतरावर कुणी नसताना, रात्रभर एकटीनं उभं राहायला तिला सुरुवातीला मुळीच आवडत नव्हतं. तसं तिनं मोकळेपणानं लिहिलं आहे. आकाश तिनं निवडलेलं नव्हतं. ते तिच्याकडे कामासारखं आलं, आणि प्रेम त्या कामातून हळूहळू उगवलं.

तुमच्या आयुष्यात असं काही आहे का? न निवडता आलेलं, पुढे करता करता आपलं झालेलं? किंवा त्यासाठी मागे सोडावं लागलेलं एखादं गाणं? दोन्ही शेजारी शेजारी असू द्या. एकानं दुसरं भरून निघालं असं स्वतःला पटवायची गरज नाही.

*

आता तिच्या रोजच्या कामाकडे वळू. हा भाग जरा रेंगाळत वाचा.

तिची दुर्बीण सव्वादोन फुटी होती. वीसेकपट मोठं दाखवणारी, पण एका वेळी दोन अंशांहून थोडं जास्त आकाश दाखवणारी. म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी शेजारी मावतील इतकं. ती दुर्बीण ती आकाशावरून संथपणे फिरवी. एक पट्टा संपला की त्याला लागून दुसरा, मग तिसरा.

आपल्याकडे सुपात तांदूळ निवडतात, ते आठवा. निवडणारी बाई प्रत्येक दाण्याची चौकशी करत नाही. नजर पांढऱ्यावरून सरकत राहते आणि खड्यापाशी आपोआप अडते. ती अडते, कारण नजरेला तांदूळ पाठ असतो. कॅरोलिनचं आकाश निवडणं असंच होतं.

फरक एवढाच की आकाशातला खडा सहजी ओळखू येत नाही. धूमकेतू म्हटलं की आपल्यासमोर लांबलचक शेपटीचं शेंडेनक्षत्र येतं. प्रत्यक्षात लांब असताना त्याला बहुधा शेपटी दिसत नाही. दिसतो तो एक पुसट, धुरकट ठिपका. आणि असे धुरकट ठिपके आकाशात आधीपासूनच पुष्कळ आहेत: तेजोमेघ, दाट तारकागुच्छ, दूरच्या दीर्घिका. पॅरिसच्या शार्ल मेसिये या धूमकेतूंच्या शोधकाला ते इतके चकवत की त्यानं त्यांची यादीच केली. १७८१ सालच्या यादीत १०३ नोंदी होत्या. जो हलत नाही तो तेजोमेघ. जो ताऱ्यांमधून सरकतो तो धूमकेतू. दुर्बिणीतून एका वेळी पाहताना दोघांत फरक करायला दुसरा भरवशाचा मार्ग तिच्याकडे नव्हता.

म्हणून जे हलत नाही ते तिला आधी शिकावं लागलं. विल्यम मोठ्या दुर्बिणीशी उभा असे आणि ती खिडकीशी, घड्याळ आणि ताऱ्यांचे नकाशे समोर घेऊन बसे. तो ओरडून सांगे, ती वेळ आणि स्थान टिपून घेई. दिवसा त्या टिपणांची गणितं करून ती स्वच्छ प्रत उतरवी. पाढे तिला कधीच पाठ झाले नाहीत. त्यांचा कागद ती जवळ बाळगी. त्या कागदाच्या आधारानं तिनं हजारो स्थानं मोजली. विल्यमच्या नावावर जमा झालेल्या सुमारे २५०० तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची नोंद तिच्या हाताखालून गेली आहे.

१७८३च्या शेवटच्या रात्री, साचलेल्या बर्फातून अंधारात धावताना ती पडली आणि मोठ्या दुर्बिणीच्या चौकटीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवताना मांसाचा तुकडा निघून आला. त्या रात्री पुढे ढग आले, त्यामुळे निरीक्षणाचं फारसं नुकसान झालं नाही, याचं तिला समाधान वाटलं होतं. हे वाचून वाईट वाटतं आणि आदरही वाटतो. दोन्ही भावनांना जागा द्या.

मग मघाच्या प्रश्नाकडे या. तुम्हाला पाठ असलेली ती गोष्ट पाठ कशी झाली? एका दिवसात झाली नसणार. किती संध्याकाळी, किती पुनरावृत्त्या त्यात गेल्या, ते मोजू नका. त्यांचं वजन फक्त जाणवू द्या.

*

१ ऑगस्ट १७८६. भावंडं आता डॅचेट सोडून स्लाउला राहतात. विल्यम जर्मनीत आहे. राजानं भेट दिलेली दुर्बीण गॉटिंगेनला पोचवायला गेला आहे. घराची, हिशोबाची, पाहुण्यांची सगळी व्यवस्था कॅरोलिनकडे आहे. दिवसभरात तिनं शंभर तेजोमेघांची गणितं उरकली आहेत. भाऊ नसल्यामुळे त्याच्या हुकमतीत टिपणं घ्यायची नाहीत. रात्र तिची स्वतःची आहे.

दहाच्या सुमाराला, सप्तर्षी आणि अरुंधती केश यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात, नजर अडते. दृश्याच्या मधोमध एक गोल, धुरकट ठिपका आहे. फोकस चुकलेल्या ताऱ्यासारखा. पण भोवतीचे तारे तर टोकदार, स्पष्ट दिसताहेत. रंगानं आणि तेजानं तो मेसियेच्या यादीतल्या २७व्या तेजोमेघासारखा आहे. तो तेजोमेघ मात्र असा गोल नाही. आणि तिच्या माहितीच्या आकाशात या जागी असं काही असायला नको.

ती आजूबाजूच्या ताऱ्यांसह त्या ठिपक्याची आकृती काढते. रोजनिशीत लिहून ठेवते की आज एक वस्तू दिसली, उद्या रात्री ती धूमकेतू ठरेल असं वाटतं.

या नोंदीतल्या ‘उद्या रात्री’पाशी बसा. आजच्या मननाचं हे मुख्य स्थान आहे.

तिला जवळजवळ खात्री होती. दुसऱ्या कुणी आधी कळवलं तर मान त्याला मिळणार होता. तरी तिनं त्या रात्री पत्र लिहिलं नाही. आपल्या नजरेवर तिचा विश्वास होता, आणि आपली नजर चुकू शकते हेही तिला ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तो दिवसभर पडत राहिला. कॅरोलिननं काय केलं? आणखी दीडशे तेजोमेघांची गणितं केली. संध्याकाळी आभाळ किंचित उघडल्यासारखं वाटलं, पण रात्र मिळेल याची शाश्वती नव्हती. मध्यरात्र उलटली. एक वाजता ढगांतून तो भाग मोकळा झाला. ठिपका कालच्या जागेवरून सरकला होता. तिनं एका ओळीत नोंद केली की कालची वस्तू धूमकेतू आहे.

मग मात्र ती थांबली नाही. रॉयल सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डन आणि खगोलनिरीक्षक अलेक्झांडर ऑबर्ट यांना पत्रं लिहून झाल्यावरच ती अंथरुणाला टेकली. ब्लॅग्डन यांना लिहिलेलं तिचं पत्र पुढे रॉयल सोसायटीसमोर वाचलं गेलं.

आता डोळे मिटून तो पावसाचा दिवस स्वतःच्या आत आणा. एखादी गोष्ट तुम्हालाही अर्धवट दिसली असेल. एखाद्या माणसाबद्दलची शंका, स्वतःबद्दलची आशा, डॉक्टरांकडून यायचा अहवाल, लिहून ठेवलेली पहिली ओळ. आज ती खरी म्हणून जाहीर करावीशी वाटते, नाहीतर भास म्हणून पुसून टाकावीशी वाटते. दोन्हींमुळे वाट पाहण्याचा त्रास संपतो, म्हणून दोन्ही मोहक आहेत. कॅरोलिन त्या दोहोंच्या मध्ये एक दिवस राहिली, आणि तिथे राहता यावं म्हणून हातातलं काम करत राहिली.

तुमची अर्धवट दिसलेली गोष्ट तिच्या भोवतालच्या ताऱ्यांसह कागदावर उतरवा: कधी दिसली, कुठे दिसली, शेजारी काय होतं. निष्कर्ष लिहू नका. दहा संथ श्वास घ्या. ती उद्या पुन्हा पाहायची आहे.

*

जे सरकलं होतं, ते होतं तरी काय? कॅरोलिनच्या काळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपण जाणतो की धूमकेतूचं केंद्रक म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा, सहसा काही किलोमीटरांचा, काळपट गोळा असतो. सूर्यमाला घडताना उरलेलं ते द्रव्य आहे. सूर्यापासून दूर तो गोठलेला, दिसेनासा असतो. जवळ येऊ लागला की बर्फाची वाफ होते, धूळ उधळते, आणि छोट्या गोळ्याभोवती हजारो किलोमीटरांचं धुरकट आवरण तयार होतं. त्याच्यातली धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबानं आणि विद्युतभारित वायू सौरवाऱ्यानं मागे रेटले जातात. म्हणून शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्यापासून परत निघाला की त्याची शेपटी त्याच्या पुढे चालते.

या चित्रावर थोडं मन राहू द्या. कोट्यवधी वर्षं अंधारात गोठलेलं काहीतरी उबेच्या टप्प्यात येतं आणि दिसू लागतं. त्याच वेळी एक बुटकी बाई ओल्या गवतावर उभी राहून नेमकी त्याच दिशेला पाहत असते. तिथे कुणी पाहत नसतं, तरी तो आलाच असता. पण मग त्याचं येणं कुणाच्या ज्ञानात जमा झालं नसतं.

*

पुढच्या वर्षी, १७८७मध्ये, राजानं तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड नेमून दिले. इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळालेली ती पहिली स्त्री. आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मर्जीनं खर्च करता येईल असा पैसा तिच्या हातात आला होता, आणि त्याचा आनंद तिनं लपवला नाही.

१७८६ ते १७९७ या काळात तिनं आठ धूमकेतू पाहिले. त्यांतला शेवटचा १४ ऑगस्ट १७९७चा. तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी होता. या वेळी पत्र पोचेपर्यंत थांबावंसं न वाटून ती घोड्यावर बसून ग्रीनिचच्या वेधशाळेकडे निघाली आणि राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांना तिनं समक्ष बातमी दिली. ज्या बाईला एक रात्र थांबणं जमलं, तिला खात्री पटल्यावर धावणंही जमलं.

आठांपैकी दोन धूमकेतूंवर जरा वेळ घालवू.

त्यांतला एक तिनं नोव्हेंबर १७९५मध्ये पाहिला. तोच धूमकेतू १७८६मध्ये मेशँ या खगोलनिरीक्षकांनी पाहिला होता, आणि १८०५ व १८१८मध्ये पाँस या दुसऱ्या निरीक्षकांनी. दर वेळी तो नवा समजला गेला. खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के यांनी गणित करून दाखवलं की हे सगळे एकच आहेत आणि तो दर ३.३ वर्षांनी परततो. आज तो एन्केचा धूमकेतू म्हणून ओळखला जातो. त्याच्या नावात कॅरोलिन नाही. तरी तिची नोंद वगळली तर त्या गणिताचा एक खांब जातो. त्या धूमकेतूच्या मार्गाशी जोडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये वृषभ राशीतून संथ उल्का पडताना दिसतात. तासाला मोजक्याच, पण कधी कधी फार तेजस्वी. दिवाळीच्या आगेमागे, शहरापासून दूर सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर, कृत्तिका आणि रोहिणी वर आल्यावर त्या आपल्यालाही पाहता येतात.

दुसरा २१ डिसेंबर १७८८चा. तो गेला आणि तिच्या हयातीत परतला नाही. १९३९मध्ये फ्रान्समधल्या रोजे रिगोले यांना एक धूमकेतू दिसला. कक्षा मांडल्यावर तो कॅरोलिनचाच निघाला. आज त्याला हर्शेल–रिगोले म्हणतात. त्याचा फेरा सुमारे १५५ वर्षांचा आहे. पुढची भेट २०९२मध्ये अपेक्षित आहे.

दोन्ही धूमकेतू मनात शेजारी ठेवा. एकानं तिचं नाव वागवलं नाही, एकानं वागवलं. तिचं पाहणं दोन्ही रात्री सारखंच चोख होतं. आपण केलेल्या ज्या कामावर आपलं नाव उमटलं नाही, असं एखादं काम आता आठवा. नाव नसल्याची बोच असेल तर ती असू द्या. ती खोटी नाही. मग विचारा: ते काम चोख होतं का? कुणीतरी त्याच्या आधारानं पुढे गेलं का?

*

१८२२मध्ये विल्यम गेला. इंग्लंडमधल्या पन्नास वर्षांनंतर ती हॅनोवरला परतली. तिथे दाटीनं उभ्या घरांची छपरं आड येत. हवं तसं आकाश दिसेना. मग तिनं कागदावरचं आकाश हाती घेतलं. भावानं नोंदवलेले सगळे तेजोमेघ पट्ट्यांप्रमाणे लावून, नव्यानं मोजून, तिनं पुतण्या जॉन हर्शेलसाठी एक यादी तयार केली, म्हणजे त्याला तेच आकाश पुन्हा तपासता यावं. या कामासाठी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८२८मध्ये तिला सुवर्णपदक दिलं. ते पदक त्यानंतर एखाद्या स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. त्या होत्या व्हेरा रुबिन. कॅरोलिन ९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी गेली.

त्या यादीचा हेतू लक्षात घ्या. जॉननं तिच्यावर विश्वास ठेवून थांबावं, असं तिला नको होतं. त्यानं पुन्हा पाहावं, म्हणून तिनं वाट सोपी करून ठेवली. दुसरी रात्र कधी कधी दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात येते. आपल्याकडून त्याला नीट टिपण मिळायला हवं.

आता उठण्याआधी एक छोटा संकल्प करा. तुमच्या खिडकीतून किंवा गच्चीतून दिसणारा आकाशाचा एक तुकडा निवडा, मोठा नको. महिनाभर, जमेल त्या रात्री, त्याच वेळेला तो पाहा. त्यातले ठळक तारे वहीत मांडा. ते रोज थोडे पश्चिमेकडे सरकलेले दिसतील. एकमेकांच्या संदर्भात मात्र जागच्या जागी असतील. त्यांतला एखादा जागा सोडताना दिसला, तर बहुधा तो ग्रह असेल. पण तसं म्हणण्याआधी दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा.

आणि हे करताना घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला बरोबर घ्या. ज्याला आज दहावं वर्ष लागलं आहे, ते मूल २०९२मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढेमागे असेल. कॅरोलिनचा धूमकेतू येईल तेव्हा तो ओळखायला, ताऱ्यांच्या जागा पाठ असलेली माणसं लागतील. त्यांना शिकवायचं काम आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात उद्या रात्री करता येईल.